रामशास्त्र्यांचे सहा आठवडे

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गणेशोत्सवाचे दिवस होते. भर दुपारी थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे जीव मुठीत धरून धावत सुटले ते सख्ख्या चुलत्याकडे. रघुनाथरावांच्या कमरेला मिठी मारून त्यांनी प्राणांची भीक मागितली. तुळाजी पवाराने त्यांना ओढून काढले, सुमेरसिंगाने तलवार चालवली. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तर त्याचेही तुकडे झाले. अर्ध्या-पाऊण तासात दहा-अकरा माणसे मारली गेली आणि एक गायही.

इथपर्यंतची गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मला ओढ आहे ती पुढच्या सहा आठवड्यांची. खून भरदिवसा झालेला, मारेकरी उघड, आणि ज्याच्याकडे संशयाचे बोट जाते तोच आता राज्याचा धनी. पुण्यातले भलेभले मुत्सद्दी घरात बसून वारा कोणीकडचा ते बघत होते. अशा वेळी चौकशी करायची कोणी आणि कोणाच्या हुकमाने? न्यायाधीशाच्या जागेवर रामशास्त्री प्रभुणे होते. त्यांनी हुकमाची वाट पाहिली नाही.

शास्त्रीबुवा साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे. घरची गरिबी. साताऱ्याच्या एका सावकाराकडे ते शागीर्द म्हणून राहिले होते, अशी परंपरा आहे. सावकाराच्या पायांवर पाणी घालताना या मुलाची नजर त्याच्या दागिन्यांवर खिळली, सावकार कुत्सितपणे काही बोलला आणि तो शब्द जिव्हारी लागून मुलाने काशीची वाट धरली, असे सांगतात. ज्या वयात इतरांचे शिक्षण संपते त्या वयात यांचे सुरू झाले. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले.

त्यांच्या निःस्पृहतेच्या कथा पुष्कळ आहेत. घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवायचा असा त्यांचा नेम होता, हे ग्रँट डफनेही लिहून ठेवले आहे. त्यांची पत्नी एकदा वाड्यात गेली, तेव्हा पेशव्यांच्या घरच्या बायकांनी तिला दागिन्यांनी मढवून पालखीतून परत पाठवले. शास्त्रीबुवांनी दारातूनच भोयांना सांगितले, की ही बाई या घरची दिसत नाही, पालखी दुसरीकडे न्यावी. कथा ऐकायला गोड आहे, पण मला त्या बाईंची दयाच जास्त येते. त्यापेक्षा दक्षिणेची गोष्ट मला अधिक पटते. त्यांचा भाऊ दक्षिणेला आला, तेव्हा नाना फडणविसांच्या मनात त्याला वीस रुपये द्यावेत असे होते. शास्त्र्यांनी सरकारातून इतर ब्राह्मणांप्रमाणे दोनच द्यायला लावले आणि भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी माझ्या पदरचे देईन, असे कळवले. सरकारी पैसा आणि घरचा पैसा यांतली रेघ इतकी ठळक ओढणारा माणूस मला बँकेतल्या तीस-पस्तीस वर्षांत फार थोड्या वेळा भेटला.

थोरल्या माधवरावांनाही त्यांनी सोडले नव्हते. तरुण पेशवे जपजाप्यात गढून कारभाराला वेळ देईनात, तेव्हा शास्त्री काशीला निघायची परवानगी मागायला गेले. राज्य करायचे तर प्रजेकडे बघा, ब्राह्मणाचा आचारच पाळायचा तर गादी सोडून गंगेकाठी चला, असा त्याचा रोख होता. माधवराव समजले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले आणि कान उघडणी ऐकून घेणारा मालकही गेला. पुढे नऊ महिन्यांत हा खून.

शास्त्र्यांनी चौकशी केली म्हणजे काय केले? आमच्या तळकोकणात वाद विकोपाला गेला की देवळात जाऊन कौल लावतात, गाऱ्हाणे घालतात. त्या काळच्या न्यायातही शपथ आणि दिव्य यांना जागा होतीच. इथे मात्र शास्त्र्यांनी माणसे गाठली, कोण कुठे होता, कोणाला काय ठाऊक होते याचा माग काढला. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांच्यापुढे जी यादी उभी राहिली तीत रघुनाथरावांखेरीज एकोणपन्नास नावे होती. त्यांत गारदी फक्त तेरा: आठ हिंदू आणि पाच मुसलमान. बाकी सव्वीस ब्राह्मण, तीन प्रभू आणि एका दासीसह सात मराठे. म्हणजे पगार थकलेल्या शिपायांनी चिडून केलेले हे कृत्य नव्हते, घरातल्या कारभाऱ्यांनी आणि नोकरांनी मिळून रचलेला तो कट होता. गारद्यांवर सगळे ढकलून मोकळे होणे किती सोयीचे होते! ते या यादीने अशक्य केले.

आणि मग तो कागद. नारायणरावांना धरावे, असा सुमेरसिंगाला दिलेला रघुनाथरावांचा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी त्यात धरावे चे मारावे केले, ही हकिकत ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातून आपल्यापर्यंत आली. खाडिलकरांच्या १९०९ च्या भाऊबंदकी नाटकाने ती घरोघर पोचवली. लहानपणी मालवणजवळच्या एका गावात झापांच्या मांडवात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात हौशी मंडळींचा त्याचा प्रयोग मी पाहिला आहे. आनंदीबाईंचे काम करणाऱ्या पुरुषाला बायका उघड शिव्या घालत होत्या. रघुनाथरावांना मात्र कोणी काही म्हटल्याचे आठवत नाही.

नोकरीत खाडाखोड केलेले चेक मी पुष्कळ पाहिले. खाडाखोडीवर काढणाऱ्याची पूर्ण सही नसेल तर चेक परत, हा तेव्हाचा साधा नियम. त्या न्यायाने रघुनाथरावांचा वकील म्हणू शकला असता, की अक्षर बदलले, आमचे अशील सुटले. पण अनुभवी तपासनीस अक्षरावर थांबत नाही. पैसा शेवटी कोणाच्या खात्यात जमा झाला ते तो बघतो. धरण्याचाच हुकूम होता, तर मारणाऱ्यांना त्याच संध्याकाळी बेड्या पडायला हव्या होत्या. उलट गारद्यांना ठरल्याप्रमाणे रकमा मोजल्या गेल्या आणि पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांनी घेतली. एका अक्षराचे सारे पाप एका बाईच्या माथी मारून लोकस्मृतीने पुरुषाला अर्धे सोडून दिले. शास्त्र्यांनी सोडले नाही. त्यांच्या लेखी मुख्य अपराधी रघुनाथरावच होते.

ते त्यांनी तोंडावर सांगितले. या पापाला देहांताखेरीज प्रायश्चित्त नाही आणि तुमच्या राज्यात मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही, या आशयाचे बोलून ते वाईजवळच्या खेड्यात निघून गेले. नाटकात इथे टाळ्या पडतात. मला वाटते, निकाल द्यायला धैर्य लागले तसेच आधीचे सहा आठवडे रोज तेच काम करत राहायलाही लागले असेल. त्या दिवसांत कोणी टाळ्या वाजवत नव्हते.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांच्या नावाने बारभाई एकत्र आले. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि रघुनाथरावांचा हक्क संपला. शास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले. यादीतल्या माणसांचा शोध वर्षानुवर्षे चालला. महंमद इसफ पकडला जाऊन मारला गेला. सुमेरसिंग पाटण्याला अचानक मेला. खरकसिंग आणि तुळाजी पवार हैदर अलीच्या आश्रयाला गेले होते, त्यांना १७८० मध्ये हैदरने पुण्याच्या हवाली केले आणि त्यांना हाल करून मारण्यात आले. तो काळ तसा होता म्हणून हालांचे समर्थन करावे असे मला वाटत नाही.

याच सुमारास कोकणाने शास्त्र्यांपुढे आणखी एक प्रकरण उभे केले. पानिपतात पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे म्हणणारा एक तोतया रत्नागिरीच्या कैदेत होता. १७७६ मध्ये तिथल्या सुभेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला सोडले आणि कोकणातले किल्ले भराभर त्याला मिळू लागले. आमच्या किनाऱ्याची वाटणी तेव्हा तिघांत होती. विजयदुर्ग पेशव्यांच्या आरमाराचा, मालवणचा सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांचा, वाडी सावंत-भोसल्यांची. घाटावरून आलेला कोणीही भाऊ आहे म्हणाला तर इथल्या माणसाने खरे-खोटे कशावरून ठरवायचे? महादजी शिंदे चालून गेल्यावर तोतया बोटीने निसटला, पण कुलाब्याच्या आंग्र्यांनी त्याला धरून दिला. पुण्यात ज्या पंचांनी त्याची तपासणी केली त्यांत रामशास्त्री होते. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला.

मुख्य आरोपी मात्र हाती लागूनही लागला नाही. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथराव इंग्रजांच्या पंखाखाली गेले, साष्टी आणि वसई देण्याचे कबूल करून. एका खुनाचा निकाल अमलात येऊ नये म्हणून सुरू झालेले हे युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. त्या तहात रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली. ११ डिसेंबर १७८३ ला कोपरगावी ते अंथरुणावर वारले. आनंदीबाई नजरकैदेत राहून १७९४ मध्ये आनंदवल्लीला गेल्या.

रामशास्त्री २५ ऑक्टोबर १७८९ ला गेले. त्यानंतर सात वर्षांनी, १७९६ मध्ये, रघुनाथराव आणि आनंदीबाईंचा मुलगा बाजीराव पेशवेपदाची वस्त्रे घेऊन त्याच शनिवारवाड्यात राहायला आला.