पुस्तकाविना घडलेला बुद्धिबळपटू

बुद्धिबळाच्या ग्रंथांशी फारसा परिचय नसताना मीर सुलतान खान यांनी माजी जगज्जेत्याला नमविले. त्यांचा जन्म पंजाबातील मिठा टिवाना येथे झाला. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. तिच्यात मुरलेले सुलतान खान आंतरराष्ट्रीय स्पर्धांत डावाच्या प्रारंभीच अडचणीत येत आणि ही उणीव उत्तरार्धात भरून काढत. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने लंडन गाठून ते १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश विजेते ठरले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत क्वीन्स इंडियन बचाव स्वीकारणाऱ्या कापाब्लांकाला त्यांनी ६५ चालींत हरविले. मायदेशी परतल्यावर १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्धच्या दहा डावांत त्यांनी केवळ एक बरोबरी दिली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. फिडेचा मानद ग्रँडमास्टर किताब त्यांना मरणोत्तर, २०२४ मध्ये मिळाला.