दुखणेकऱ्यांचे सोबती संत कामिलस

ज्युबिलीच्या ह्या आनंदांत आपल्या धर्मग्रामांतील अंथरुणास खिळलेल्या बंधुभगिनींचें विस्मरण होऊं नये, म्हणून संत कामिलस द लेलिस ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों. त्यांस १७४६ सालीं संतपद मिळालें, व १८८६ सालीं पोप लिओ तेरावे ह्यांनीं त्यांस रोग्यांचे व इस्पितळांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें.

इटलींतील बुक्कियानिको गांवीं २५ मे १५५० रोजीं कामिलसचा जन्म झाला. आई उतारवयाची, बाप शिपाई. आई लवकरच वारली व मुलगा बापामागून छावणींत गेला. देह धिप्पाड, राग नाकावर आणि जुगाराचें व्यसन अनिवार. तरुणपणींच त्याच्या पायास जखम झाली व ती चिघळली. उपचारासाठीं १५७१ सालीं तो रोम येथील संत याकोबाच्या असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत आला व तेथेंच चाकरीस राहिला. परंतु भांडणें व पत्ते ह्यांपायीं त्यास काढून टाकण्यांत आलें. मग तो व्हेनिसच्या सैन्यांत शिरला. आणि १५७४ सालीं नेपल्स येथें अंगांतला सदराहि जुगारांत हरला!

पोटासाठीं तो मान्फ्रेदोनिया येथें कापुचिन संन्याशांच्या बांधकामावर मजूर झाला. तेथील एका संन्याशाच्या उपदेशानें त्याचें मन हललें, आणि २ फेब्रुवारी १५७५ रोजीं वाटेंतच गुडघे टेकून तो धाय मोकलून रडला. त्यास संघांत प्रवेश मिळाला. पण झग्याच्या घर्षणानें जखम पुन्हा उघडली व त्यास परत पाठविण्यांत आलें. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेंच झालें. नियम वावगा होता असें म्हणवत नाहीं. तथापि तो घाव त्याच्या जिवास किती लागला असेल, हें जुनाट दुखणें भोगणारासच कळावें.

तो त्याच इस्पितळांत परतला व कालांतरानें तेथील कारभारी झाला. रोगी म्हणून सोसलेलें तो आतां कारभाऱ्याच्या नजरेनें पाहूं लागला. भाडोत्री नोकरांस रोग्यांची कळकळ नसे. मरणाऱ्याच्या उशाशीं कोणी नसे. देवाच्या प्रीतीस्तव सेवा करणाऱ्यांचा मेळा उभारावा, असें १५८२ च्या ऑगस्टांत त्याच्या मनानें घेतलें. त्याचें पापनिवेदन ऐकणारे संत फिलिप नेरी ह्यांस मात्र हें मानवलें नाहीं. संतांचाहि अंदाज कधीं चुकतो! बत्तिशी उलटल्यावर तो येशूसंघीयांच्या विद्यालयांत पोरांच्या बांकावर लॅटिन शिकण्यास बसला, व १५८४ सालीं धर्मगुरु झाला.

फादर कामिलस ह्यांनीं आपल्या बंधूंस जे नियम घालून दिले ते वाचतांना आश्चर्य वाटतें. एकुलत्या आजारी लेकराची आई जशी शुश्रूषा करते, तशी देहाची व आत्म्याची सेवा एकत्रच करावी, हें त्यांचें सूत्र. अंथरूण नीट घालावें, तोंड धुवावें, अशक्तास सावकाश भरवावें, पथ्य सांभाळावें, मोकळी हवा येऊं द्यावी, सांसर्गिक रोग्यांस निराळें ठेवावें. आणि त्याच हातांनीं त्याचें भय निवारून त्यास पवित्र संस्कारांसाठीं तयार करावें. श्वास थांबल्यासारखा वाटला तरी लगेच तोंड झांकूं नये, कांहीं वेळ प्रार्थना चालू ठेवावी, असाहि त्यांचा दंडक होता. कारण त्या काळीं घाईनें जिवंत माणसेंहि पुरलीं जात.

पोप सिक्स्तुस पांचवे ह्यांनीं १५८६ सालीं ह्या मेळ्यास मान्यता देऊन झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची अनुज्ञा दिली. १५९१ सालीं त्याचा संन्यासी संघ झाला. प्राणावर बेतलें तरी रोग्यांची सेवा सोडणार नाहीं, हें त्यांचें चौथें व्रत. १५९८ च्या नाताळांत टायबर नदीस महापूर आला, तेव्हां कामिलस व त्यांचे बंधू ह्यांनीं पवित्र आत्म्याच्या इस्पितळांतील रोगी वरच्या मजल्यावर वाहून नेले.

इकडे पायाची ती जखम भरलीच नाहीं. त्यांत आणखी व्याधि जडल्या. १६०७ सालीं त्यांनीं संघाचें अधिपतिपद सोडलें, खाटांकडे जाणें मात्र सोडलें नाहीं. उभें राहवेना तेव्हां रात्रीं अंथरुणांतून उठून ते सरपटत एकेका खाटेपाशीं जात व कोणास कांहीं हवें काय, असें विचारीत. १४ जुलै १६१४ रोजीं रोम येथें त्यांनीं देह ठेवला.