टेंभूच्या मुलाने शब्द कसे कमावले

सातारा-सांगलीत आज टेंभू हे नाव घेतले की उपसा सिंचन योजना आठवते. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत नेणारी ही योजना. याच टेंभूत 14 जुलै 1856 रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. थोर समाजसुधारक, 'केसरी'चे पहिले संपादक, 'सुधारक'चे संस्थापक ही त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून सर्वांनाच असते. पण परकी भाषा माणसाच्या डोक्यात कशी रुजते, हे समजून घ्यायलाही त्यांचे आयुष्य उपयोगी पडते.

हा प्रश्न आजही जिव्हाळ्याचा आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वहीत अवघड इंग्रजी क्रियापदांच्या याद्या असतात. अलेव्हिएट, मिटिगेट, एक्सॅसर्बेट. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. रात्री पाठ केलेली यादी आठवड्याने कोरी होते आणि मुलगा स्वतःच्या बुद्धीला दोष देतो. बहुतेक वेळा बुद्धी ठीक असते, पद्धत चुकलेली असते.

आगरकरांच्या घरी गरिबी होती. कराडला आजोळी राहून त्यांनी इंग्रजीचे पहिले धडे घेतले. पुढे शिकण्याची सोय नव्हती, म्हणून कराडच्या कचेरीत उमेदवारी केली. शिक्षणासाठी घाट उतरून रत्नागिरी गाठली, पण तिथे जम बसला नाही. परत येऊन कराडच्या दवाखान्यात औषधे देण्याचे कामही केले. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते अकोल्याला गेले. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक लाभले आणि 1875 मध्ये ते मॅट्रिक झाले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांच्याकडे एकच सदरा होता आणि तो रात्री धुऊन सकाळी घालावा लागे, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खर्च भागवण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्रांत लेख लिहिले, वक्तृत्वाची बक्षिसे आणि शिष्यवृत्त्या मिळवल्या. म्हणजे शिकलेली भाषा त्यांना लगेच वापरावी लागत होती. मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी वाचले ते एखादा मुद्दा समजून घेऊन तो दुसऱ्याला पटवून देण्यासाठी. 1878 मध्ये ते बी.ए. झाले, पुढे इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले. मोठ्या पगाराच्या नोकरीची स्वप्ने पाहू नकोस, असे आईला पत्राने कळवून त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला.

'केसरी' 1881 मध्ये सुरू झाला. कोल्हापूरच्या दिवाणांविषयी केलेल्या लिखाणावरून बदनामीचा खटला उभा राहिला आणि 1882 मध्ये आगरकर व टिळक यांना मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. त्या दिवसांत आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतरावर काम केले. 1883 मध्ये ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले.

भाषांतर करणाऱ्याला एकही शब्द चुकवून पुढे जाता येत नाही. वाचताना अडलेला शब्द अंदाजाने ओलांडता येतो. भाषांतरात मात्र तो शब्द कोण कुणाला म्हणतो आहे, रागाने की थट्टेने, हे ठरवल्याशिवाय मराठी शब्द सापडत नाही. स्मरणशक्तीचे अभ्यासक हेच दुसऱ्या भाषेत सांगतात. शब्दाच्या नुसत्या आवाजावर किंवा दिसण्यावर लक्ष दिले तर तो लवकर पुसला जातो. अर्थावर विचार केला, जुन्या माहितीशी तो जोडला, तर जास्त टिकतो.

त्याच काळात जर्मनीत हर्मान एबिंगहाउस हा संशोधक स्वतःवर प्रयोग करत होता. निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरल्या ते मोजायचे. त्याचे पुस्तक 1885 मध्ये निघाले. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले तेही 1885 मध्येच. एबिंगहाउसला दिसले की पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच निसटते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. एका बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांवर विभागली तर कमी कष्टात जास्त लक्षात राहते. पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: वही पुन्हा वाचण्यापेक्षा वही मिटून आठवून पाहणे अधिक फायद्याचे ठरते.

क्रियापदांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. नाम एकटे लक्षात राहते, क्रियापद आपले गणगोत घेऊन येते. कोण करतो, कशावर करतो, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही. आगरकरांनी 1888 मध्ये 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रजी व्याकरणात वाक्य सुटे करून तपासण्याची जी रीत होती, ती त्यांनी मराठी वाक्याला लावून दाखवली. परक्या भाषेकडून घेतलेले हत्यार आपल्या भाषेच्या कामी आणायचे, हा त्यांचा बाणा इथेही दिसतो.

तीच रीत वरच्या यादीला लावून पाहा. अलेव्हिएट म्हणजे त्रास हलका करणे. दुखणे, गरिबी, ताण यांच्याबरोबर हे क्रियापद शोभते. आजार मुळापासून बरा झाला असे ते सांगत नाही. त्याच्या पोटात लॅटिनमधला 'लेव्हिस' म्हणजे हलका हा शब्द आहे. संस्कृतातला 'लघु' त्याच कुळातला आणि आपला 'हलका' हा त्या 'लघु'चाच वंशज. मिटिगेट म्हणजे तीव्रता किंवा हानी कमी करणे. कृष्णेचा पूर अडवता आला नाही, तरी वेळेवर गाव हलवून नुकसान मिटिगेट करता येते. एक्सॅसर्बेट याच्या उलट: आधीच असलेली वाईट गोष्ट आणखी बळावणे. धुळीने दमा बळावतो तेव्हा हेच क्रियापद लागते. आता या तिघांची गल्लत होणे कठीण.

तिसऱ्या शब्दाचा अर्थ आगरकरांनी स्वतःच्या शरीरावर सोसला. त्यांना दमा होता. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, कफ साठतो आणि श्वास बाहेर टाकणे जड जाते. छातीत घरघर होते, रात्री-पहाटे धाप लागून झोप मोडते. त्या काळी धोतऱ्याच्या पानांचा धूर घेण्यासारखे उपाय केले जात. त्याने काही जणांना तात्पुरता आराम पडे, पण धोतरा विषारी आणि सूजही तशीच राहायची.

दमा सोबत असतानाच त्यांनी 1888 मध्ये 'सुधारक' सुरू केला. बालविवाह, केशवपन, अस्पृश्यता यांवर ते सडेतोड लिहीत राहिले. सनातनी मंडळींनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. 1892 मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. हे आपटे म्हणजे संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते. तीन वर्षांनी, 17 जून 1895 रोजी आगरकरांनीही जगाचा निरोप घेतला. चाळिशीही पुरी झाली नव्हती.

दाबाखाली औषध फवारणारा खिशात मावेल असा इनहेलर बाजारात आला 1956 मध्ये. आगरकरांच्या जन्माला त्या वर्षी 100 वर्षे झाली होती. श्वासातून घेण्याची, सूज कमी ठेवणारी स्टिरॉइड औषधे त्यानंतर आली. आज दमा बहुतेकांना आटोक्यात ठेवता येतो. तरीही इनहेलरची सवय लागते या गैरसमजापायी, किंवा जरा बरे वाटले म्हणून, अनेक जण औषध मध्येच सोडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. धाप लगेच आराम देणाऱ्या पंपानेही थांबत नसेल, बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

दम्याने दवाखान्यात राहून आलेल्या रुग्णाच्या कागदावर अनेकदा 'एक्सॅसर्बेशन' असा शब्द लिहिलेला असतो. घरात कुणाचा असा कागद असेल तर आज काढून वाचा. शब्दाचा अर्थ घरच्यांना मराठीत सांगा, दमा कशाने बळावला होता ते आठवा, आणि तीन दिवसांनी कागद न पाहता पुन्हा सांगून पाहा. शब्दही पक्का होईल आणि पुढच्या वेळी काय टाळायचे तेही.