सर अलेक्झांडर फ्लेमिंग

स्कॉटलंडांतील डार्व्हेल गांवाजवळच्या एका शेतावर ६ ऑगस्ट १८८१ रोजीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म झाला. वयाच्या सातव्या वर्षीं त्यांचें पितृछत्र हरपलें. पुढें लंडनला येऊन एका जहाज-कंपनीच्या कचेरींत त्यांनीं चार वर्षें कारकुनी केली. काकांच्या मृत्युपत्रान्वयें थोडी रक्कम हातीं आल्यावर ते सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाले व १९०६ सालीं डॉक्टर झाले.

पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमा चिघळून तरुण शिपाई मरतांना त्यांनीं पाहिले. शरीरास अपाय न करितां जंतूंचा नाश करणारें औषध असावें, हा विचार त्यांच्या मनांत ठसला. सप्टेंबर १९२८ मध्यें सुटीहून परतल्यावर, जंतु वाढविण्याच्या एका बशींत बुरशी आलेली व तिच्या सभोंवतालचे जंतु विरघळलेले त्यांस दिसले. ती बशी फेंकून न देतां त्यांनीं तिचा अभ्यास केला. त्यांतूनच पेनिसिलिन निघालें. ऑक्सफर्डच्या फ्लोरी व चेन यांनीं तें शुद्ध करून रोग्यांच्या उपयोगीं आणिलें. १९४५ सालीं तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

त्या मानाच्या प्रसंगीं फ्लेमिंग यांनीं केवळ आपल्या यशाचें वर्णन केलें नाहीं. अपुरें औषध घेतल्यास जंतु न मरतां त्यास तोंड देण्यास शिकतात, आणि एकाच्या निष्काळजीपणानें त्याच्या घरचें दुसरें माणूस प्राणास मुकूं शकतें, असा इशारा त्यांनीं जगास दिला.

ही भीति पोकळ नव्हती. आंतड्यांत राहणारा एशेरिशिया कोलाय हा जंतु मूत्रमार्गांत शिरला म्हणजे लघवीची जळजळ होते, कधीं ताप येऊन मूत्रपिंडासही इजा पोंचते. याच जंतूंत पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य असल्याचें चेन व एब्राहम यांनीं १९४० सालींच दाखविलें होतें. पुढें १९६१ सालीं या जंतूवर चालणारें अ‍ॅम्पिसिलिन आलें. परंतु त्यासही न जुमानणारे कोलाय जंतु ग्रीसमध्यें आढळल्याचें १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. औषधानें दुर्बळ जंतु मरतात, चिवट तेवढे उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय ही शक्ति ते एकमेकांसही देतात. म्हणूनच आज मूत्रमार्गाच्या साध्या विकारांतही कित्येक जुनीं औषधें निष्फळ ठरतात.

११ मार्च १९५५ रोजीं फ्लेमिंग निवर्तले. लंडनच्या सेंट पॉल महामंदिरांत त्यांची रक्षा ठेविली आहे. विद्यार्थिमित्रहो, डॉक्टरांवांचून असें औषध घेऊं नये, आणि त्यांनीं दिलेलें मध्येंच सोडूं नये. आईबापांनींही घरीं उरलेल्या गोळ्या दुसऱ्या मुलास देऊं नयेत. ज्यानें औषध दिलें, त्याचा इशाराही पाळणें हेंच त्याचें खरें स्मारक होय.