बाळूंचा डावा हात

जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर एखादा चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज गवसला, की कर्णधार सारी क्षेत्ररचना त्याच्या कलाने लावतो. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात अशाच एका गोलंदाजाला खेळवण्यासाठी हिंदू क्लबाला आधी आपली शिवाशिव मुरडावी लागली होती.

चर्मकार कुटुंबातील पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६च्या सुमारास धारवाडचा. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टी राखत. ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करवून घेई. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. युरोपियनांना नमवायचे, तर बाळूंवाचून गत्यंतर नाही, हे पुण्यातील हिंदू क्लबाने ओळखले. काही सनातनी सभासदांचा विरोध बाजूस सारून त्यांना संघात घेतले गेले. तडजोड मात्र सीमारेषेपुरतीच! मैदानात सर्वांनी एकच चेंडू हाताळायचा आणि चहापानाला बाळूंनी तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा घ्यायचा.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने त्यांची फिरकी बोथट करण्यासाठी खेळपट्टी आठवडाभर लाटली. बाळूंनी तरीही सात बळी टिपले. पुढे प्लेगच्या काळात ते मुंबईला आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात आठ बळी त्यांचे होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार पतियाळाचे महाराज मोजकेच सामने खेळले, संघ वारंवार हरला आणि गोलंदाजीचा सारा भार बाळूंवर पडला. दुखऱ्या खांद्याने त्यांनी ११४ बळी मिळवले.

एवढ्या कर्तृत्वानंतर हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे ओघाने यायला हवे होते. ते आले नाही. डावा हात हवा होता. त्या हाताचा हुकूम नको होता, असेच म्हणावे लागते. १९२० मध्ये बाळूंना वगळले आणि विठ्ठल यांना डावलले, तेव्हा विठ्ठल व शिवराम हे धाकटे बंधू संघातून बाहेर पडले. तडजोडीअंती बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ सूत्रे त्यांच्या हाती आली, तेवढीच.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. १९३७ मध्ये बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढले व हरले. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.