तापल्या लोखंडावरचा थेंब

तवा पुरेसा तापला की नाही, हे पाहण्यासाठी घरोघरी त्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. बेताच्या तापलेल्या तव्यावर पाणी चर्र होऊन उडून जाते; मात्र तवा अतिशय तापला असेल, तर तोच थेंब मोत्यासारखा गोल होऊन सैरावैरा धावत राहतो. या नित्याच्या दृश्याची अभ्यासकाच्या नजरेने नोंद करणारे जर्मन वैद्य योहान गॉटलोब लायडनफ्रॉस्ट यांचे नाव आज संगणकाच्या चिप थंड ठेवण्याच्या शास्त्राशी जोडले गेले आहे.

लायडनफ्रॉस्ट यांचा जन्म २७ नोव्हेंबर १७१५ रोजी रोस्परवेंडा या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वडिलांप्रमाणे त्यांनीही प्रथम धर्मशास्त्राचे अध्ययन आरंभिले. पुढे ते वैद्यकाकडे वळले. १७४१ मध्ये हाले येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. काही काळ सैन्यात वैद्य म्हणून काम केल्यावर १७४३ मध्ये ते ड्युइसबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. वैद्यक, भौतिकशास्त्र व रसायन हे विषय शिकवीत त्यांनी रुग्णसेवाही चालू ठेवली.

१७५६ मध्ये पाण्याच्या गुणधर्मांवरील त्यांचा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध झाला. निखाऱ्यांवर लाल केलेल्या लोखंडी चमच्यात ते पाण्याचा थेंब सोडीत आणि लंबकाच्या साहाय्याने वेळ मोजीत. पहिला थेंब तीस सेकंदांहून अधिक टिकला. चमचा निवत गेला तसे पुढचे थेंब मात्र झटपट नाहीसे झाले. थेंब आणि लोखंड यांच्यामधील फटीतून मेणबत्तीचा उजेड त्यांना दिसला. थेंब लोखंडाला टेकतच नव्हता. मध्ये वाफेचा पातळ थर होता आणि तोच उष्णता अडवीत होता.

पाण्याचा काही अंश मातीत रूपांतरित होतो, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा ठरला. निरीक्षण तेवढे अचूक राहिले. २ डिसेंबर १७९४ रोजी ड्युइसबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या या प्रयोगांचा इंग्रजी अनुवाद थेट १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यापूर्वीच, १९३४ मध्ये, जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडविलेल्या तारा विजेने तापवून उकळण्याचा आलेख मांडला. उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली, की तारेभोवती वाफेचे आवरण बसते आणि तिचे तापमान एकाएकी भडकते. त्या आलेखावर वाफेचा थर जेथे जेमतेम टिकून राहतो, तो बिंदू लायडनफ्रॉस्ट यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीझ यांनी सिलिकॉनमध्ये केसाहूनही अरुंद पन्हळी कोरून, त्यांतून पाणी खेळवून दर चौरस सेंटीमीटरमागे ७९० वॅट उष्णता वाहून नेली. पुढे अशा पन्हळींत द्रव उकळू देण्याचे प्रयोग सुरू झाले. त्याचे कारण उघड आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात; उकळत्या पाण्याची वाफ होताना तेच पाणी सुमारे २,२५७ किलोज्यूल शोषून घेते.

लाभ मोठा, तसा धोकाही मोठा. अरुंद पन्हळीत बुडबुड्याला फुगण्यास जागा नसते. तो क्षणात सगळी वाट व्यापतो, लांबट होतो आणि भिंतीवर द्रवाचा केवळ पातळ पापुद्रा उरतो. तो पापुद्रा सुकला, की भिंतीपाशी उरते फक्त वाफ. मग उष्णतेला वाट मिळत नाही आणि चिप जळू शकते. पाण्याचा धातूशी असलेला स्पर्श तुटू न देणे, हीच आजच्या अभियंत्यांची धडपड आहे. तो स्पर्श तुटल्यावर काय होते, हे ड्युइसबुर्गच्या वैद्याने एका चमच्यात पाहून ठेवले होते.