बालगंधर्व : लोकप्रिय संगीतातील एका स्थित्यंतराचे चरित्र

जुने संगीत सकस आणि आजचे उथळ, ही विभागणी रसिकांच्या चर्चेत वारंवार आढळते. तिची कसोटी पाहण्यास नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे चरित्र विशेष उपयुक्त ठरते. कारण आज परंपरा मानले जाणारे त्यांचे गायन स्वकाळात नवे आणि कमालीचे लोकप्रिय होते.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेले नारायणराव १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेने रसिकांपुढे आले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मधील (१८८२) पदे साकी, दिंडी अशा परिचित वळणांची आणि बहुतांशी आटोपशीर होती. 'मानापमान'मध्ये (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरीची धर्ती आणली. 'स्वयंवर'मध्ये (१९१६) भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांत उतरविल्या. हे दोन्ही बदल बालगंधर्वांच्या गळ्याने सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचविले.

१९१३ मध्ये टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ऑर्गन, सारंगी व तबल्याच्या साथीने पदे रंगत. 'वन्समोअर' मिळाला की तेच पद नव्या आलापांनी पुन्हा उभे राही. प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत. नाटकाची मैफल होते, हा आक्षेप त्यातूनच आला आणि तो निराधार नव्हता. तथापि पद किती वेळ चालावे, हे येथे गायक आणि श्रोता मिळून ठरवीत होते, ही बाब महत्त्वाची आहे.

बोलपटाने नेमका हाच व्यवहार संपविला. टेंबे यांनी 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'ला (१९३२) संगीत दिले व त्यात नायकाची भूमिकाही केली. संगीतकार नव्या माध्यमात सामावला. बालगंधर्वांनी 'प्रभात'च्याच 'धर्मात्मा'मध्ये (१९३५) एकनाथांची भूमिका केली, परंतु तेथे ते रमले नाहीत. चित्रणस्थळी दाद देणारा श्रोता नव्हता आणि गीताची लांबी आधीच निश्चित होती. सुमारे तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेतून भावगीतही याच सुमारास घरोघरी रुजू लागले. ते रंगभूमीकडे परतले, पण पूर्वीचे वैभव परतले नाही. उतारवय आणि कर्ज हीही त्याची कारणे होत. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६४ मध्ये पद्मभूषण त्यांना लाभले. १५ जुलै १९६७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

२०११ च्या 'बालगंधर्व' या चित्रपटातील गायनासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या गायकीचा गोडवा आजच्या श्रोत्यालाही भावतो, हे त्यावरून दिसते. म्हणजे श्रोत्याची अभिरुची खालावली, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. गमावला आहे तो गीताच्या घडणीतील श्रोत्याचा वाटा. आजचा श्रोता तेच गीत शंभर वेळा ऐकू शकतो. मात्र शंभराव्या वेळीही ते पहिल्यासारखेच असते. म्हणूनच दोन काळांतील संगीताची तुलना करताना केवळ चाली व शब्द पाहणे अपुरे आहे. श्रवणाची रीतही विचारात घ्यावी लागते.